लॅटिन पुलाचा कोपरा

सारायेव्होची वियेच्नित्सा, म्हणजे जुनी नगरपालिका, मिल्याच्का नदीच्या काठी उभी आहे. बोस्नियाचा कारभार 1878 मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीकडे गेला. नव्या राज्यकर्त्यांनी 1896 मध्ये खुली झालेली ही इमारत उभारली, तीही स्थानिक मुसलमानांना आपली वाटावी म्हणून कैरोच्या वळणाच्या कमानींची. ऑस्ट्रियन येण्यापूर्वी बोस्नियात अशी बांधणी नव्हती. 1908 मध्ये साम्राज्याने बोस्निया रीतसर गिळला, आणि शेजारच्या सर्बियात संताप धुमसत राहिला.

28 जून 1914 च्या सकाळी ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी या इमारतीत आले. कोसोव्होच्या 1389 च्या लढाईचा सर्बांचा स्मरणदिन तोच; दौऱ्याला याहून वाईट मुहूर्त सापडला नसता. येताना वाटेत सर्ब कटवाल्यांपैकी नेडेल्को चाब्रिनोविचने फेकलेला बॉम्ब मागच्या मोटारीखाली फुटला होता. स्वागत आटोपल्यावर त्यात जखमी झालेल्या अधिकाऱ्याला रुग्णालयात भेटायचे ठरले. मार्ग बदलला, पण चालकाला ते कोणी सांगितले नाही.

प्रवाहाच्या दिशेने थोडे चालले की चार कमानींचा दगडी लॅटिन पूल लागतो. समोरच्या कोपऱ्यावर तेव्हा शिलरचे खाद्यपदार्थांचे दुकान होते, आता छोटे संग्रहालय आहे. मोटार इथे उजवीकडे वळली आणि चूक लक्षात येताच थांबली, ती नेमकी त्याच कटातल्या 19 वर्षांच्या गाव्रिलो प्रिन्सिपसमोर. त्याने दोन गोळ्या झाडल्या. दोघेही वाचले नाहीत. प्रिन्सिप तेव्हा सँडविच खात होता, ही पर्यटकांची लाडकी कथा निराधार आहे.

इथे उभे राहिले की पहिले महायुद्ध याच गोळ्यांनी पेटले असे वाटते. प्रत्यक्षात मधे महिना गेला. ऑस्ट्रियाचा लष्करप्रमुख कॉनराड याला सर्बियावर चढाई कित्येक वर्षे हवी होती, आणि त्याला आवर घालणाऱ्यांत खुद्द फर्डिनांड होता. त्याच्या मृत्यूने निमित्त मिळाले, अडसरही गेला. 5 जुलैला जर्मनीने व्हिएन्नाला बिनशर्त पाठिंबा दिला. 23 जुलैला 48 तासांच्या मुदतीचा निर्वाणीचा खलिता बेलग्रेडला पोचला. सर्बियाने बऱ्याच अटी मानल्या. हत्येच्या चौकशीत ऑस्ट्रियाचे अधिकारी घ्यायला मात्र नकार दिला. 28 जुलैला ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले. सर्बियासाठी रशियाने सैन्याची जमवाजमव केली. जर्मन सेनापतींच्या योजनेत रशियाशी लढायचे तर आधी फ्रान्सवर, तेही बेल्जियममधून, चाल करणे आले. म्हणून बेल्जियमच्या तटस्थतेची हमी दिलेले ब्रिटनही 4 ऑगस्टला उतरले, आणि हिंदुस्थान न विचारताच ओढला गेला. ब्रिटिश हिंदी सैन्याची सहावी पुणे डिव्हिजन एप्रिल 1916 मध्ये मेसोपोटेमियातील कुत इथे शरण गेली.

कोपऱ्यावरच्या खुणा राजवटींबरोबर बदलत गेल्या. ऑस्ट्रियाने 1917 मध्ये मृतांचे स्मारक उभारले, ते युद्धानंतर काढले गेले. 1930 मध्ये प्रिन्सिपच्या गौरवाचा फलक लागला. 1941 मध्ये तो जर्मनांनी काढून हिटलरला भेट दिला. पुढे युगोस्लाव्हियाने प्रिन्सिपची पावले सिमेंटमध्ये उमटवली, ती 1992 मध्ये सुरू झालेल्या युद्धात नाहीशी झाली. आताचा फलक कोणी, कोणाला, केव्हा मारले एवढेच सांगतो.