मातीच्या पाकिटातला निरोप

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात, नदीच्या वळणावर क्वीन्सलँड विद्यापीठ वसलंय. ऑक्टोबरात इथली जकरंदाची झाडं जांभळी झाली, की मुलं म्हणतात, ‘आली परीक्षा!’

इथेच प्रा. नीना मित्तर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अजब फवारा तयार केला. त्यात असतो आरएनए, म्हणजे झाडाच्या पेशींना धाडलेला निरोप: ‘हा विषाणू दिसला, की त्याचे तुकडे करा!’ पण नुसता आरएनए पानावर फार दिवस टिकत नाही. म्हणून त्यांनी तो चिकणमातीच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या नॅनो-पापुद्र्यांवर बसवला. हे पापुद्रे पानाला चिकटून राहतात, हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांमुळे हळूहळू विरतात, आणि निरोप पोचत राहतो. एका फवाऱ्यात तंबाखूच्या रोपांचं विषाणूपासून २० दिवस रक्षण झालं! हे २०१७ साली प्रसिद्ध झालं.

त्याच वर्षी आपल्या यवतमाळात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी-शेतमजूर दगावले. २०२२ मध्ये ब्रिस्बेनच्या चमूने कपाशीला छळणाऱ्या पांढऱ्या माशीवरही आपला फवारा वापरून पाहिला, आणि तो लागू पडला. मग या मातीकडे आपलंही लक्ष हवंच, नाही का?