खांदा उडवला की मूठ मिटे

नव्वदच्या दशकात क्लीव्हलँडला पुनर्वसन विभागात होते, तेव्हा आमच्या काही पेशंटांची सकाळ चिकटपट्टीने सुरू व्हायची. मानेचा मणका मोडलेला, पाय आणि पंजे लुळे, पण खांदे हलतात, कोपर वाकतं, अशी ही माणसं. ‘फ्रीहँड’ नावाचं यंत्र बसवलेल्याच्या छातीत कातडीखाली स्नायूंना चालना देणारा स्टिम्युलेटर असे आणि त्यातून निघालेल्या आठ तारा हाताच्या स्नायूंपर्यंत जात. बाकी सारं अंगाबाहेर. छातीवर कॉइल चिकटवायची, दुसऱ्या बाजूच्या खांद्यावर सेन्सर, कंट्रोलर व्हीलचेअरला. हे लावायला रोज दुसरं माणूस लागे. घरच्यांना जमेपर्यंत आम्ही शिकवत असू.

मग खांदा जरा पुढे-मागे केला की पलीकडची मूठ उघडे, मिटे. झटकन उडवला की पकड पक्की. पकडी दोन प्रकारच्या, किल्ली धरतो तशी आणि पेला धरतो तशी. पण कित्येक महिन्यांनी स्वतःच्या हाताने पाणी प्यायलेल्या माणसासमोर ‘दोनच’ म्हणायला जीभ रेटत नसे. प्रत्येकाची खांदा उडवायची ढब वेगळी. लांबूनही ओळखू येई कोण ते.

हंटर पेकहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये हे यंत्र पहिल्यांदा माणसात बसवलं. १९९७ मध्ये सरकारी मान्यता मिळाली, दोनशेहून अधिक लोकांनी ते घेतलं. २००१ मध्ये ते बनवणाऱ्या कंपनीने विक्री थांबवली. यंत्र फसलं नव्हतं, धंद्याचं गणित बसलं नाही. आतलं सगळं धडधाकट, पण बाहेरची वायर गेली आणि नवी मिळाली नाही की मूठ गेली. याचं मला आजही वाईट वाटतं.

आता त्याच शहरात, त्याच परंपरेतली नवी यंत्रणा आहे. छोटे छोटे मॉड्यूल, सगळे शरीरात, आतल्या आतच केबलने जोडलेले. एक वीज पुरवतो, काही स्नायूंना चालना देतात, काही शाबूत स्नायूंचे संकेत टिपतात. त्या संकेतांवरच हात चालतो, त्यामुळे खांद्यावरचा सेन्सर गेला. बॅटरी कातडीवरून चार्ज होते. हाताबरोबर धडाचे स्नायूही जोडता येतात, म्हणजे खुर्चीत नीट ताठ बसता येतं. सकाळची चिकटपट्टी संपली, याचा आनंद मी शब्दांत मावेल असा सांगू शकत नाही.

तरी आजही माझा पहिला प्रश्न जुनाच असतो: वीस वर्षांनी याचा सुटा भाग कोण देणार? केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात त्यासाठी नफ्यावर न चालणारी संस्था उभी केली आहे. आमच्या वेळी ती असायला हवी होती.