मातीची पंगत

तेलाने माखलेल्या जमिनीची पाहणी करावयास गेलो, की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "साहेब, कोणते जंतू टाकायचे?", आणि या व्यवसायात जसजसा काळ लोटला, तसतसा माझा असा ग्रह दृढ होत गेला, की विचारावयाचा प्रश्न तो नव्हेच. वनस्पतींच्या मेणावर आणि भूगर्भातून झिरपणाऱ्या खनिज तेलावर युगानुयुगे पोसलेल्या जीवाणूंची कुळे मातीत बहुधा आधीपासूनच नांदत असतात. अल्केनच्या साखळीच्या टोकाशी विकराच्या साहाय्याने प्राणवायूचा एक अणू बसवून ते तिचे क्रमाने अल्कोहोल, अल्डिहाइड आणि मेदाम्ल करतात, व पुढे दोन-दोन कार्बनांचे तुकडे तोडून तिचा निकाल लावतात. बेंझीनचे वलय मात्र प्राणवायूचे दोन अणू घेऊन कॅटेकोल झाल्यावाचून त्यांना फुटत नाही.

प्रयोगशाळेतील एक परीक्षा मला आजही मोहविते. नत्र व स्फुरद असलेल्या क्षारांच्या द्रावणात कार्बनाचा एकमेव पुरवठा म्हणून डिझेलचे काही थेंब सोडावेत, चिमूटभर माती व इंडोफेनॉल जातीचा निळा रंजक घालावा आणि नळी हालती ठेवावी. तेलाच्या ऑक्सिडीकरणात सुटणारे इलेक्ट्रॉन रंजक स्वीकारू लागला, की निळाई फिकट होत होत द्रव अखेर रंगहीन होतो.

मग जमीन आपोआप का सुधारत नाही? कारण तेलात कार्बन उदंड, पण नत्र व स्फुरद जवळजवळ नाहीत, आणि तेलाने कोंदलेल्या मातीत हवा शिरत नाही. पानावर नुसते तूप वाढून भात विसरावा, तशी ही पंगत असते. म्हणून शंभर भाग कार्बनास दहा भाग नत्र व एक भाग स्फुरद असा ढोबळ हिशेब धरून खत द्यावे, ओल राखावी पण चिखल होऊ देऊ नये, आणि माती वारंवार उलथून तिला वारा द्यावा, हीच आमची खरी तजवीज.

1989 च्या मार्चमध्ये 'एक्झॉन व्हाल्डेझ' जहाजातून अलास्काच्या किनाऱ्यावर सुमारे 4 कोटी लिटर तेल सांडले, तेव्हा खत दिलेल्या किनाऱ्यांवर तेथील मूळच्याच जीवाणूंनी विघटनाचा वेग वाढविला. आणि त्याच किनाऱ्यांच्या पोटात, जेथे प्राणवायू पोहोचला नाही, तेथे तेल पुढे कित्येक वर्षे टिकून राहिले. आनंदमोहन चक्रवर्ती यांनी घडविलेल्या ज्या तेलभक्षक जीवाणूमुळे 1980 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सजीवाच्या पेटंटास मान्यता दिली, तो विज्ञानाच्या इतिहासात अजरामर झाला, तरी उघड्या समुद्रातील तेलावर त्याचा अंमल कधी झाला नाही.

या सामर्थ्यालाही मर्यादा आहेत. चार-पाच वलयांचे रेणू मातीच्या कणांना घट्ट चिकटून राहतात. शिसे तर मुळीच कुजत नाही. म्हणून वास गेला, रंग उजळला, एवढ्यावरून जमीन निर्मळ झाल्याचा दाखला देऊ नये. मालकाचा मुदतीचा तगादा कितीही असला, तरी खोलवरचे नमुने काढून अवशेष रीतसर मोजावेत आणि मगच सही करावी, कारण त्या जमिनीखालचे पाणी उद्या कोणाच्या तरी विहिरीत उतरणार असते.