मोटरवरचा आळ

पॉवर विंडोची काच रडतखडत वर जायला लागली की पहिला आळ मोटरवर येतो. कण्हते तीच ना! माझ्याकडे येणाऱ्या जुन्या कॉन्टेसांची तक्रार बहुधा हीच. हिंदुस्तान मोटर्सची ही गाडी इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलच्या सत्तरच्या दशकातल्या साच्यावर बेतलेली; दारं मोठी, काचा जड. त्यात नंतर कुणीतरी पॉवर विंडोचं किट बसवलेलं, हाताला लागेल त्या वायरने.

मी आधी चॅनलचं रबर साफ करतो, विंडो मशीनला ग्रीस देतो आणि मग मीटर काढतो. मोटरचा कनेक्टर सोडवून बटण दाबलं तर मीटरवर पुरे बारा व्होल्ट दिसतात, सगळं आलबेल वाटतं. करंटच वाहत नसेल तर वायरीतला अडथळा कळणार कसा? कनेक्टर जोडून काच चढवली की तोच आकडा नऊवर येतो. १० अँपिअरच्या वाटेत ०.३ ओहमचा अडथळा असला तर ३ व्होल्ट वाटेतच संपतात. ३० वॉटची उष्णता बारीक वायरी आणि बटणाचे काळवंडलेले कॉन्टॅक्ट तापवण्यात जाते. नवी मोटर आणली तरी तीही उपाशीच राबणार.

म्हणून मी बटणाकडे फक्त हुकूम ठेवतो, ओझं रिलेवर टाकतो. मोटर दोन्हीकडे फिरवायची, त्यामुळे एका काचेला पाच पिनांचे दोन रिले. ८७ नंबरच्या पिनला बॅटरीवरून फ्यूजमधून आलेला पॉझिटिव्ह, ८७ए ला अर्थ, ३० मोटरकडे. बटण सोडलं की मोटरची दोन्ही टोकं अर्थवर येतात आणि काच जागीच थांबते. बटणातून आता फक्त कॉइलपुरता करंट जातो, पाव अँपिअरहूनही कमी. वायर अडीच एमएमची, आणि अर्थचीही तेवढीच जाड. करंटला परत यायचंही असतं. बिजागरीपाशी वायर रबरी नळीतून, थोडी सैल सोडून नेतो, कारण दार उघडझाप होऊन तिथेच तुटते.

मग काच झपकन चढते. मालक खूश होतो. मी इथे सावध होतो. आजच्या कित्येक गाड्यांत हात अडकला की काच आपोआप उलट फिरते. या गाडीत तसलं काही नाही. आजवर कमजोर वायरिंगच नकळत बोटं सांभाळत होतं. फ्यूज वायर वाचवतो, बोटं नाही. म्हणून कॉइलचा सप्लाय मी इग्निशनवरून घेतो, म्हणजे किल्ली काढल्यावर पोरांनी कितीही बटणं दाबली तरी काच हलत नाही. मागच्या काचा बंद ठेवायला ड्रायव्हरपाशी एक वेगळं बटणही देतो. ते कुणी मागत नाही. मीही विचारत बसत नाही, बसवून देतो.