बनगरवाडी, व्हाया शहाड

मुलांनो, मध्य रेल्वेचा नकाशा समोर घ्या आणि त्यात कल्याण शोधा. सापडलं? कल्याणला रुळांना दोन फाटे फुटतात. एक जातो कर्जतकडे आणि दुसरा कसाऱ्याकडे. कसाऱ्याच्या फाट्यावर कल्याण सोडलं की पहिलंच स्टेशन लागतं, ते शहाड. हे माझं गाव. तसं छोटंसंच स्टेशन. मेल-एक्सप्रेस गाड्या इथून धाडधाड निघून जातात. लोकल थांबते, पण चढणाऱ्याने पाय उचलायला वेळ लावला की गेलीच म्हणून समजा!

या स्टेशनातून एक पुस्तक प्रवासाला निघालं. त्याची गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे. पण त्याआधी शहाडमध्ये जरा फेरफटका मारू या, चला.

स्टेशनच्या जवळच सेंच्युरी रेयॉनचा मोठा कारखाना आहे. रेयॉन म्हणजे काय, ठाऊक आहे? रेशमासारखा चमकणारा धागा. पण तो किड्याच्या कोशातून काढत नाहीत, लाकडाच्या लगद्यापासून बनवतात. आणि कागद कशापासून बनतो? तोही लाकडाच्या लगद्यापासूनच! म्हणजे रेयॉनची साडी आणि आपलं पुस्तक ही मावसभावंडंच झाली की नाही?

तिथून थोडं पुढे बिर्ला मंदिर. गाभाऱ्यात विठ्ठल-रखुमाई. ज्यांना पंढरपूरला जाणं जमत नाही अशी माणसं आषाढी एकादशीला इथे येतात, तेव्हा रांग पार रस्त्यावर आलेली असते. गावाच्या एका अंगाला कल्याण, दुसऱ्या अंगाला फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलेलं उल्हासनगर. आणि जवळून वाहणारी उल्हास नदी. एरवी ती शांत असते. पावसाळ्यात मात्र तिच्याकडे बघताना पोटात गोळा येतो. का ते सांगते.

तारीख होती २६ जुलै २००५. तुमच्या आईबाबांना ही तारीख नक्की आठवत असेल. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्याकडे उल्हास आणि वालधुनी, दोन्ही नद्यांनी पात्र सोडलं. मी तेव्हा बारावीत होते. आमची खोली तळमजल्यावर. बघता बघता पाणी उंबऱ्यावरून आत आलं, मग खाटेपर्यंत, मग ओट्यापर्यंत. आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे धावलो. रात्रभर तिथेच बसून होतो.

पाणी ओसरल्यावर खाली आलो. खाटेखाली बाबांची पत्र्याची ट्रंक होती. बाबा कारखान्यात पाळीवर काम करायचे आणि पगाराच्या दिवशी कधीमधी एखादं जुनं पुस्तक विकत आणायचे. ती सगळी पुस्तकं त्या ट्रंकेत. झाकण उघडलं तर आत नुसता चिखल आणि फुगलेला कागद. बाबा काही बोलले नाहीत. ट्रंक उचलून बाहेर नेली आणि रिकामी केली. माझी बारावीची पुस्तकंही गेलीच होती.

आठवड्याभराने आमच्या भागात मदत आली. तांदूळ, चादरी आणि मुलांसाठी वह्या-पुस्तकांचा एक खोका. मी पाठ्यपुस्तकं शोधत होते. हाताला लागली एक पातळशी कादंबरी, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. कव्हर चिकटपट्टीने डकवलेलं. पहिल्या पानावर निळ्या शाईत एकच ओळ : ‘वाचून झालं की पुढे द्या.’ खाली नाव नाही, गाव नाही.

‘बनगरवाडी’ तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. पुस्तक १९५५ साली आलं. पुढे त्यावर अमोल पालेकरांनी चित्रपटही काढला. गोष्ट आहे माणदेशातल्या एका धनगरांच्या वाडीची. औंध संस्थानातला एक कोवळा मास्तर पायी चालत या वाडीवर येतो. त्याला शाळा चालवायची असते. पण मुलं कुठे आहेत? ती तर मेंढरांमागे रानात! मग म्हातारा कारभारी त्याला कशी साथ देतो, वाडीतली माणसं एकत्र येऊन तालीम कशी बांधतात, खुद्द राजेसाहेब वाडीवर कसे येतात, हे सगळं वाचताना आपणही त्या माळावर फिरू लागतो. आणि मग एक वर्ष पाऊस दगा देतो. पुढचं मी सांगणार नाही. तुम्हीच वाचा.

चिखल खरवडलेल्या, ओल्या वासाच्या त्या खोलीत मी ते पुस्तक दोन दिवसांत संपवलं. मग बाबांनी वाचलं. वाचून झाल्यावर ते इतकंच म्हणाले, ‘‘ठेव नीट.’’

आणि मी ठेवलं. अगदी नीट ठेवलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, फडताळाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात. पुढे डी.एड. झाले, शहापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले. एका वाडीवरची शाळा. रोज शहाडहून कसारा लोकल पकडायची, आसनगावला उतरायचं आणि पुढे रिक्षा. ‘बनगरवाडी’तल्या मास्तरांसारखीच मीही वाडीवरची बाई झाले होते. म्हणून २०१८ साली एकदा ते पुस्तक मुलांना दाखवायला शाळेत नेलं.

चौथीतल्या एका मुलाने ते हातात घेतलं. पहिलं पान उघडलं आणि बोट ठेवून मोठ्याने वाचलं, ‘‘वाचून झालं की पुढे द्या.’’ मग माझ्याकडे बघून विचारलं, ‘‘बाई, तुम्ही कोणाला दिलं?’’

काय सांगू, मुलांनो! तेरा वर्षं ते पुस्तक माझ्या फडताळात होतं. रोज शुद्धलेखन तपासणाऱ्या मला एक साधी ओळ पाळता आली नव्हती. ज्याने ते दिलं, त्याने मला ओळखलंही नव्हतं. तरी त्याने भरवसा ठेवला. आणि मी? आवडलं म्हणून धरून बसले. कान तापले माझे. मी त्याला म्हटलं, ‘‘नाही दिलं रे. पण आता देते.’’

देईन म्हटलं खरं, पण द्यायचं कोणाला? आणि गंमत बघा, द्यायची वेळ आली तशी मनात शंका येऊ लागल्या. फाडलं तर? रद्दीत टाकलं तर? जुनी माणसं म्हणतातच ना, पुस्तक दुसऱ्याच्या हातात गेलं की गेलंच. चार दिवस ते माझ्या पर्समध्येच फिरत राहिलं.

सकाळच्या कसारा लोकलचा बायकांचा डबा कधी पाहिलाय का? अर्धी शाळा आणि अर्धा बाजार असतो तो. कोणी भाजी निवडतंय, कोणी स्वेटर विणतंय, कोणी पोथी वाचतंय. माझ्या समोरच्या बाकाखाली रोज एक मावशी आपल्या रिकाम्या पाट्या सरकवून बसायच्या. पहाटेच्या गाडीने कल्याणला येऊन रानभाजी विकायची आणि उन्हं वर यायच्या आत घरी, खर्डीला, परतायचं, असा त्यांचा नेम. पाचव्या दिवशी मी गाडीत ‘बनगरवाडी’ उघडून बसले, तर त्या म्हणाल्या, ‘‘बाई, रोज पिशवीतून काढता न् परत ठेवता. हाय तरी काय त्यात?’’

मी म्हटलं, ‘‘एका वाडीची गोष्ट आहे, मावशी.’’

‘‘मंग वाचा की मोठ्यानं. मला कुठं वाचता येतं?’’

मी वाचायला लागले. शहाड सुटलं, उल्हासचा पूल गेला, आंबिवली, टिटवाळा, खडवली, वाशिंद. आसनगावला उतरताना मावशींनी विचारलं, ‘‘उद्याच्याला पुढचं?’’

असे आम्ही महिनाभर रोज चार-सहा पानं वाचत होतो. शेजारच्या बायकाही कान देऊ लागल्या. कारभारी रुसला की हळहळायच्या, तालीम उभी राहिली तेव्हा एकीने चक्क टाळ्या वाजवल्या. मग गोष्टीत दुष्काळ आला. वाडी रिकामी होऊ लागली. मावशी एकदम गप्प झाल्या. म्हणाल्या, ‘‘आमच्याकडं पण असंच. दिवाळी झाली का समदी भट्टीवर.’’

शहरातल्या मुलांना हे कदाचित माहीत नसेल, म्हणून सांगते. शहापूर, मुरबाड भागातल्या वाड्यांवरची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. पोरंही आईबापांबरोबर जातात. माझ्या वर्गातली बाकं दरवर्षी अशी रिकामी होतात. हजेरीपटावर नाव असतं, पण ‘हजर’ म्हणणारा आवाज नसतो. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी माणदेशावर लिहिलेली गोष्ट कसारा लोकलमधल्या एका बाईला आपल्या घरची वाटली!

शेवटचं पान वाचून झालं. मी पुस्तक मिटलं आणि मावशींच्या हातात दिलं. त्या म्हणाल्या, ‘‘मी काय करू याचं?’’ मग जरा थांबून आपणच म्हणाल्या, ‘‘नात सातवीला हाय. ती वाचंल.’’ मी पहिल्या पानावरची ओळ त्यांना वाचून दाखवली. शेवटच्या कोऱ्या पानावर पेनने लिहिलं ‘शहाड’. नाव लिहिलं नाही. गाडी आसनगावहून सुटली आणि पुस्तक खर्डीला गेलं.

पुढे? वर्षभराने एकदा परतीच्या गाडीत एक मुलगी खिडकीशी वाचत बसली होती. नर्सिंगच्या कॉलेजचा गणवेश होता तिचा. चिकटपट्टीचं ते कव्हर मी लांबूनच ओळखलं. तिला म्हटलं, ‘‘शेवटचं पान दाखवशील का गं?’’ त्यावर माझ्या शहाडखाली वेगवेगळ्या अक्षरांत गावं लिहिली होती : खर्डी, कसारा, वाशिंद, टिटवाळा. ते पुस्तक माझ्याकडून निघालं, हे मी तिला सांगितलं नाही. माझं तरी ते होतं कुठे? मार्च २०२० मध्ये करोनामुळे लोकल बंद पडल्या. त्यानंतर ते मला दिसलेलं नाही. बाबांना सांगितलं, तर ते हसून म्हणाले, ‘‘चांगलं ठेवलंस!’’

मुलांनो, पुस्तकं अशी हातोहात फिरवणारी माणसं आपल्याकडे खूप आहेत. शेजारच्या कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालापासून पुस्तकं घरोघर पोचवतंय, म्हणजे कल्याणला रेल्वे आल्यावर अवघ्या दहा वर्षांनी ते सुरू झालं. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तक आदान-प्रदानाची प्रदर्शनं भरवली. आपलं वाचलेलं पुस्तक द्यायचं आणि दुसऱ्या कोणाचं तरी वाचलेलं घ्यायचं. नाशिकच्या विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेतून पुस्तकांच्या पेट्याच वाचकांकडे पाठवल्या. त्या पेट्या समुद्रापलीकडच्या मराठी घरांतही पोचल्या. साताऱ्याजवळचं भिलार तर २०१७ साली पुस्तकांचं गाव झालं. तिथे कोणाच्याही ओसरीवर जाऊन वाचत बसा! अमेरिकेत रॉन हॉर्नबेकर या गृहस्थांनी २००१ साली अशीच एक चळवळ सुरू केली. तिथले वाचक पुस्तकावर एक क्रमांक घालतात आणि ते बागेत, स्टेशनात मुद्दाम सोडून देतात. ज्याला सापडेल त्याने वाचावं आणि पुढे सोडावं.

तुम्हालाही करून बघायचंय? सोपं आहे. तुमचं स्वतःचं, तुम्हाला मनापासून आवडलेलं पुस्तक निवडा. नकोसं झालेलं देऊ नका. ते रद्दी देणं झालं! वाचनालयाचं किंवा मित्राचं पुस्तक तर अजिबात नाही, ते ज्याचं त्याला परत गेलं पाहिजे. पहिल्या पानावर ती एक ओळ लिहा. शेवटच्या पानावर फक्त गावाचं नाव लिहा. आपलं नाव, पत्ता, फोन नंबर लिहू नका. आणि अनोळखी माणसाच्या हातात पुस्तक द्यायचं तर आई किंवा बाबा सोबत हवेतच. त्यांनाही एखादं द्यायला सांगा. मोठ्या माणसांनाच ते जास्त जड जातं, हे मी अनुभवाने सांगते.

आमच्या शाळेत आता दिवाळीच्या सुट्टीआधी एक काम ठरलेलं असतं. भट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पिशवीत एक गोष्टीचं पुस्तक घालायचं. सगळी परत येत नाहीत. एकदा जूनमध्ये एक मुलगी शाळेत आली आणि तिने पुस्तक टेबलावर ठेवलं. पानापानावर विटेच्या लाल मातीचे ठसे. मी बघतेय हे पाहून ती घाईघाईने म्हणाली, ‘‘बाई, ते सगळे माझे नाहीत. भट्टीवरच्या सगळ्यांनी वाचलं.’’

ते पुस्तक मी झटकलं नाही. तसंच वर्गाच्या फळीवर ठेवलं. पण तिथे ते फार दिवस राहिलं नाही, बरं का! या वेळी मी त्याला पुढे जाऊ दिलं.