एका बादलीचं हेअर केअर

सल्फेट-फ्री! शाम्पू घेताना बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचणारी मुलगी दिसली, की समजायचं, ती ‘सोडियम लॉरिल सल्फेट’ शोधतेय. फंडा सिम्पल आहे. हे सल्फेट भरपूर फेस करतं आणि तेल झटक्यात काढतं. पण टाळू मुळातच कोरडी असेल, तर खाज सुटते आणि केसांचा पार झाडू होतो.

माझा झाला होता. मग पुण्यातल्या एका पार्लरने तीन बाटल्यांचं ‘जेंटल रुटीन’ लिहून दिलं. दोनदा शाम्पू, मग कंडिशनर, मग मास्क. प्रत्येक वेळी भरपूर पाणी. पण फ्रीलान्सर असल्याने मी महिन्यातले पंधरा दिवस परभणीला घरी असते. इथे उन्हाळ्यात बोअर आटतं, टँकरची वाट बघावी लागते. 2016च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला तर मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा गावात मी चार बादल्या डोक्यावर ओतते तेव्हा आई काहीच बोलत नाही, फक्त बादलीकडे बघते. त्यापेक्षा ती ओरडलेली परवडते, यार!

त्यात आमच्या बोअरचं पाणी जड. डाळ लवकर शिजत नाही. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे साबणाचा चिकट थर केसांवर बसतो. म्हणूनच बहुधा आजी डोक्याला साबण लावू द्यायची नाही. तिची शिकेकाई आणि रिठा म्हणजे अस्सल सल्फेट-फ्री. दोन्हींत सॅपोनिन असतं. फेस कमी, पण मळ निघतो.

आता माझं रुटीन असं. आदल्या रात्री थोडंसं खोबरेल. त्याने केसांतलं प्रोटीन कमी गळतं, हे 2003मध्ये छापून आलेल्या संशोधनात दिसलंय. शिकेकाई रात्रभर भिजवायची, सकाळी उकळून गाळून घ्यायची. आठवड्यातून दोनदा न्हायचं, एका बादलीत. रिठा घातलात तर डोळे घट्ट मिटा, जाम झोंबतो! डेडलाइन असेल तेव्हा सौम्य शाम्पू, तोही मगात पातळ करून.

खाज थांबली. पण एक सांगते, केस मुठीने गळत असतील तर आधी डॉक्टर गाठा. शाम्पू बदलून थायरॉइड किंवा ॲनिमिया बरा होत नाही.

आणि हो, हल्ली न्हायच्या दिवशी बादली आईच भरून ठेवते.