पाव फेऱ्याची शिस्त

शाळा सोडल्यानंतर आमच्या तुकडीतील काही जण शिक्षक झाले, काही कार्यालयांत रुजू झाले. आम्ही काही जण मोटारसायकल दुरुस्तीच्या व्यवसायात स्थिरावलो. ज्या विद्येवर आमचे संसार उभे राहिले, ती आता मावळतीला लागली आहे. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने तिची नोंद ठेवावी, असे वाटले.

कार्बोरेटरवर दिसायला क्षुल्लक असे दोन स्क्रू असतात. उभ्या गाडीचे इंजिन किती मंद चालावे, हे एक ठरवतो. त्या मंद गतीत हवा व पेट्रोल यांचे प्रमाण किती असावे, हे दुसरा. वजनाने १ भाग पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास सुमारे १४.७ भाग हवा लागते, असे शास्त्र सांगते. गॅरेजमध्ये हे प्रमाण जुळवण्याचे आमचे साधन मात्र कान हेच.

दुसऱ्या स्क्रूचा नियम सर्व गाड्यांना एक नाही. यामाहा आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाडीत तो एअर फिल्टरच्या बाजूस असून हवा सोडतो. बाहेर फिरवला की पेट्रोलचे प्रमाण घटते. अनेक फोर-स्ट्रोक गाड्यांत तो इंजिनाच्या बाजूस असतो. तेथे तोच फेरा पेट्रोल वाढवतो. म्हणून हात लावण्यापूर्वी स्क्रूची जागा ओळखावी लागते.

इंजिन आधी पुरेसे गरम करावे. स्क्रू हलक्या हाताने आत टेकवावा; जोर केल्यास त्याचे निमुळते टोक बिघडते. मग साधारण दीड फेरा बाहेर घेऊन इंजिन चालू करावे आणि पाव-पाव फेरा फिरवत, दर वेळी थांबून ऐकावे. आवाज जेथे सर्वांत चढा व एकसारखा लागतो, ती योग्य जागा. त्यानंतरच पहिल्या स्क्रूने गती उतरवावी. गाडी चालवून प्लग काढून पाहावा: काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरका म्हणजे कमी, बिस्किटासारखा तपकिरी म्हणजे मेळ जमला.

या पाव फेऱ्यावर कोणाची तरी रोजची कमाई अवलंबून असते. दूध घालणाऱ्याला वा मजुरीवर जाणाऱ्याला ॲव्हरेज घटल्याची झळ त्याच आठवड्यात पोहोचते. म्हणून घाईने फिरवलेला स्क्रू आम्ही अप्रामाणिकपणाच मानतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. आता हवेचे माप सेन्सर घेतो. आमच्यातील काहींनी स्कॅनर शिकून घेतला. काहींची दुकाने जुन्या गाड्यांवरच तग धरून आहेत. त्या गाड्या खेड्यापाड्यांत अजून अनेक वर्षे धावतील. या व्यवसायात येऊ इच्छिणाऱ्या आमच्या धाकट्या भावंडांनी दोन्ही विद्या शिकाव्यात. स्कॅनर दोषाचा आकडा दाखवील. इंजिन ऐकण्याची सवय मात्र ज्याची त्यालाच लावून घ्यावी लागेल.